'ओके' आणि एक शीळ

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ या बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके बळी त्यापूर्वी गेले नव्हते, नंतरही गेलेले नाहीत. यंत्रांत मात्र बिघाड नव्हता.

दोन्ही विमानांना तेथे उतरायचेच नव्हते. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने टेनेरिफला वळवली गेली. लोस रोदेओस लहान, धावपट्टी एकच, आणि उंची सहाशे मीटरहून अधिक असल्याने तेथे ढगच खाली उतरतात. गर्दीमुळे बाजूचा मार्ग अडला होता. म्हणून विमानांना धावपट्टीवरूनच चालत टोकाला जावे लागत होते. डच कंपनी केएलएमचे विमान टोकाला जाऊन वळून उभे राहिले, तेव्हा अमेरिकन पॅन ॲमचे विमान त्याच पट्टीवर समोरून येत होते. धुक्यामुळे मनोऱ्यातून काही दिसत नव्हते, आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. तिघांना जोडणारा धागा एकच होता, रेडिओ.

विमानाला दोन वेगळ्या परवानग्या लागतात. एक उड्डाणानंतरच्या मार्गाची, दुसरी प्रत्यक्ष उड्डाणाची. मनोऱ्याने केएलएमला फक्त पहिली दिली, पण तिच्यात 'टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा' असे शब्द होते. सहवैमानिकाने ती वाचून दाखवली आणि शेवटी जोडले, 'वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ.' नियंत्रकाने अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. 'अमुक करत आहोत' हे डच भाषेत 'ॲट'शी जुळणाऱ्या शब्दयोगी अव्ययाने सांगता येते. तीच रचना घाईत इंग्रजीत उतरली असावी, असे काही भाषातज्ज्ञांनी सुचवले आहे. आपल्याकडे फोनवर 'निघालोच' म्हणणारा माणूस रस्त्यावर असतो की अजून चपला शोधत असतो, हे ऐकणाऱ्याला कुठे कळते? येथे गफलत उलट दिशेने झाली, इतकेच.

नियंत्रक म्हणाला, 'ओके.' क्षणभर थांबून पुढे म्हणाला, 'उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो.' नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक कळवत होता, 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.' दोन्ही वाक्ये विमान थांबवू शकली असती. केएलएमच्या कक्षात मात्र 'ओके'नंतर जवळजवळ चार सेकंद कर्कश शीळ वाजली.

ही शीळ कुठून आली? दोन ध्वनिकाटे एकदम वाजवले की विस्पंद ऐकू येतात, हे आपण वर्गात दाखवतो. येथे रेडिओलहरींचे तेच झाले. विमानांचे संभाषण ए. एम. पद्धतीने चालते, म्हणजे लहरीचा आयाम आवाजानुसार कमीजास्त होतो. मूळ लहरीची वारंवारता सेकंदाला सुमारे १२ कोटी. दोन प्रेषकांच्या वारंवारतेत लाखात एक एवढाच फरक असला, तरी तो सेकंदाला १२०० भरतो, आणि एवढा स्वर कानाला चांगलाच ऐकू येतो. मध्यम लहरींवर रात्री दूरचे केंद्र लावताना ऐकू येणारी शीळ ती हीच.

त्यानंतर पॅन ॲम आणि मनोरा यांचे आणखी एक बोलणे झाले, धावपट्टी मोकळी झाल्यावर कळवण्याचे. ते डच कक्षात ऐकू आले. उड्डाण अभियंत्याने विचारले, 'तो पट्टीवरून गेलेला नाही का?' कप्तान फान झान्टेन इतर वैमानिकांना शिकवणारे, कंपनीतले नावाजलेले वैमानिक होते. 'गेला की,' ते ठामपणे म्हणाले. विषय तेथेच थांबला. मला शिळेपेक्षा हा प्रसंग अधिक अस्वस्थ करतो. भौतिकीने चार सेकंद हिरावून घेतले होते, पण प्रश्न विचारला गेला होता.

स्पॅनिश चौकशीने परवानगीविना उड्डाण हे मूळ कारण मानले, तर डच बाजूने संदिग्ध शब्दांवर भर दिला. बदल दोन्ही बाबतींत झाले. कप्तानाला हटकणे हे कनिष्ठांचे कामच आहे, असे प्रशिक्षण सुरू झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. महत्त्वाची सूचना मिळाल्यावर नुसते 'ओके' चालत नाही, ती शब्दशः परत म्हणावी लागते. मुंबईच्या मनोऱ्यातही हीच पद्धत आहे.

मग ए. एम. का सोडली नाही, असे विद्यार्थी विचारतील. एफ. एम. मध्ये दोन संदेश एकदम आले तर प्रबळ संदेश दुसऱ्याला पुरता झाकून टाकतो, आणि दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. ए. एम. मध्ये निदान शीळ वाजते. ती ऐकू आली की 'पुन्हा सांगा' म्हणता येते.