बार्शी रोडचे घासलेट

देवापुढची पणती गोड्या तेलाची, हा आपल्या घराघरांतला जुना दंडक. घासलेट कितीही स्वस्त झाले तरी त्याला देवघराचा उंबरठा ओलांडता आला नाही. स्वयंपाकघर, ओसरी आणि मुलांच्या अभ्यासाचा कोपरा मात्र त्याने काबीज केला, तो थेट वीज येईपर्यंत. हे तेल आपल्याकडे आले कसे, ही कथा मोठी गमतीची आहे, आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहिले की ती चांगली दिसते.

१८५९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापूरच्या वाटेवर ह्या माळावर पोहोचले. स्टेशनाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. म्हणजे नावसुद्धा शेजारच्या गावाचे! योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक ह्याने जमिनीत खोल नळ उतरवून खनिज तेल काढले. तोवर आमच्या मुलखात उजेड होता तो करडईच्या तेलाचा. करडई शिवारातली, घाणा गावच्या तेल्याचा, बैल त्याच्याच दारचा. घासलेटाने दिवा आणि तेल ह्यांत हजारो मैलांचे अंतर पाडले. आधी अमेरिकेचे, मग बाकूचे, पुढे ब्रह्मदेशाचे तेल मुंबईला उतरे आणि आगगाडीने देशावर येई. रिकाम्या डब्यांतून बायाबापड्यांनी पाणी वाहिले. घाण्याच्या बैलाचे दिव्यापुरते तरी काम संपले.

१८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअराची अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. वारकऱ्यांना घेऊन धावणाऱ्या ह्या चिमुकल्या गाडीने कुर्डुवाडीला जंक्शन केले, कारखाना दिला, शेकडो हातांना काम दिले. पण इंजिनाच्या पोटातला दगडी कोळसा? तोही परमुलखाचाच.

आता थोडे समुद्रापलीकडे पाहू. बहारीन आणि कुवेत ही दोन चिमुकली राज्ये पूर्वी मोत्यांवर जगत, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ होती आपली मुंबई. जपानने कृत्रिम रीतीने मोती पिकवले, त्यात जागतिक मंदी आली, आणि पाणबुड्यांच्या घरच्या चुली थंडावल्या. नेमक्या त्याच सुमारास, १९३२ साली बहारीनला आणि १९३८ साली कुवेतला तेल लागले. तेव्हा त्या बाजारांत आपलाच रुपया चाले. कुवेतने स्वतःचा दिनार काढला तो १९६१ साली. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले आणि आपली गरज त्या आखाताशी पक्की बांधली गेली. ही गाठ किती घट्ट, ते १९७३ साली कळले. काही महिन्यांतच तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आणि त्याची झळ रॉकेलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचली. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले, तेव्हा देशाला हर्ष झाला. तरीही आज आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक बाहेरूनच येते.

कुवेतची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तेलाचा पैसा हाती येताच, १९५३ साली, त्यांनी लंडनमध्ये तो गुंतवण्याची व्यवस्था केली. आणि १९७६ साली उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवण्याचा कायदा केला. मोत्यांचे दिवस पाहिलेल्या माणसांना हे सुचावे, ह्यात नवल नाही. १९९० साली इराकने तो देश गिळला, तेव्हा परागंदा झालेल्या सरकारला ह्याच पुंजीने तारले.

कुर्डुवाडीजवळ अशी पुंजी कोठली? कोळसा गेला, डिझेल आले, आता माथ्यावर विजेची तार आहे. अडीच फुटी रूळही ह्या शतकाच्या पहिल्या दशकात उखडले गेले. तरी कारखाना राहिला आणि अरुंद रुळांच्या डब्यांचे कसबही राहिले. माथेरानच्या गाडीचे डबे इथल्या कारागिरांच्या हातांखालून जातात. बंब कशावर पेटावा, हे गावाच्या हाती कधीच नव्हते. हातांतला हुन्नर तेवढा त्यांचा होता, आणि तोच कामी आला.

आता त्या पणतीकडे पुन्हा वळू. घासलेटाला अडवणारा तो उंबरठा आजही आहे. पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज परदेशातून येते. तेव्हा देवापुढची ज्योत इंडोनेशियाच्या ताडतेलावर तेवत असण्याचाही संभव आहे. सोलापूरच्या काळ्या रानात करडई अजून होते. यंदा वाटीभर तेल घेताना ते कोठले, एवढे तरी वाचकांनी दुकानदाराला विचारावे.