नांगरलेल्या बोटीवरचे साहित्य

८ जून १८६७ रोजी 'क्वेकर सिटी' ही चाकांची आगबोट न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून सुटली आणि थोड्याच अंतरावर जाऊन पुन्हा नांगर टाकून उभी राहिली. बाहेर समुद्र खवळलेला होता. युरोप आणि पवित्र भूमी पाहण्यासाठी निघालेले सत्तरेक उतारू शनिवार आणि रविवार न्यूयॉर्कच्या दारातच हेलकावे खात बसले. सोमवारी वारा पडल्यावर बोट खऱ्या अर्थाने निघाली. या उताऱ्यांमध्ये सॅम्युएल क्लेमेन्स नावाचा एकतीस वर्षांचा एक वार्ताहर होता. 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव त्याने घेतले होते, पण ते अजून जगाच्या तोंडी बसलेले नव्हते. त्याच्या प्रवासाचे साडेबाराशे डॉलर भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अल्टा कॅलिफोर्निया' या वृत्तपत्राने भरले होते. त्या बदल्यात त्याने पत्रे लिहून पाठवायची होती. त्या पत्रांतूनच १८६९ साली 'द इनोसंट्स अब्रॉड' हा ग्रंथ तयार झाला.

अमेरिकेतून योजनाबद्धपणे निघालेल्या पहिल्या मोठ्या सागरी सहलींपैकी ही एक. आज आपण ज्याला 'क्रूझ' म्हणतो त्याची सगळी लक्षणे तिच्यात सापडतात: ठरलेला मार्ग, आगाऊ भरलेले पैसे, निवडक सहप्रवासी आणि बरोबर कोण थोर मंडळी येणार याची जाहिरात. सुप्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि जनरल शर्मन येणार म्हणून गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात दोघेही आले नाहीत. क्रूझचे आणखी एक लक्षणही तिच्यात पहिल्याच दिवशी दिसले. ते म्हणजे खोळंबा.

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण बहुधा पाहिलेल्या स्थळांचा विचार करतो. लेखक कुठे गेला, काय पाहिले, त्याची दृष्टी कशी होती, असे प्रश्न परीक्षेतही येतात. पण प्रवासात माणूस बराच काळ काहीच पाहत नसतो. तो थांबलेला असतो. बोट दुरुस्त व्हायची असते, वादळ ओसरायचे असते, बंदराचा वैद्यकीय अधिकारी यायचा असतो. ट्वेनची प्रवासवर्णने या दृष्टीने वाचली तर त्यांतला उत्तम भाग अनेकदा या थांबलेल्या वेळातून आलेला दिसतो. 'क्वेकर सिटी'वरचे उतारू कंटाळा घालवण्यासाठी काय काय करतात पाहा. संध्याकाळी प्रार्थना, मग डॉमिनो. जो तो रोजनिशी लिहायला बसतो आणि थोड्याच दिवसांत एकेकाची वही बंद पडते. एकाचा ओव्हरकोट चोरल्याच्या आरोपावरून बोटीच्या खजिनदारावर लुटुपुटीचा खटला भरला जातो; वकील, साक्षीदार, न्यायाधीश सगळे यथासांग. बंद जागेत सापडलेला समाज स्वतःचीच नक्कल करू लागतो, हे ट्वेनने अचूक टिपले आहे.

खरा खोळंबा पुढे होता. १८६५ साली मक्केत कॉलऱ्याची साथ उद्भवली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपभर पसरली. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने या रोगाचे मूळ हिंदुस्थानात, गंगेच्या खोऱ्यात असल्याचे ठरवले. त्यामुळे १८६७ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रातले प्रत्येक बंदर प्रत्येक बोटीकडे संशयाने पाहत होते. कोमो सरोवराकाठी ट्वेन आणि त्याच्या सोबत्यांना एका खोलीत कोंडून धुरी देण्यात आली. नेपल्सला तो रोमहून जमिनीवरून पोचला, तर त्याची स्वतःची बोट आखातात क्वारंटाइनमध्ये उभी. किनाऱ्यावरचे मोकळे प्रवासी होडीतून जाऊन आपल्या कैदी सहप्रवाशांशी दुरूनच गप्पा मारून येत.

पायरियसला तर कमाल झाली. अथेन्स समोर दिसत होते. दुर्बिणीतून ॲक्रोपोलिसचे खांब मोजता येत होते. पण अकरा दिवसांचे क्वारंटाइन पाळल्याशिवाय उतरायला मनाई. कप्तानाने सामान भरून पुढे जायचे ठरवले. रात्री अकराच्या सुमारास ट्वेन आणि आणखी तिघे होडीतून गुपचूप किनाऱ्यावर गेले, वाटेतल्या मळ्यांतली द्राक्षे चोरली, कुत्र्यांना चुकवले, पहारेकऱ्यांच्या हातावर पैसे ठेवले आणि चांदण्यात पार्थेनॉन पाहून उजाडायच्या आत परतले. पकडले गेले असते तर तुरुंगवास होता. संपूर्ण ग्रंथात सौंदर्याने गहिवरून लिहिलेली पाने तशी थोडी. त्यांतली बरीच या चोरट्या रात्रीची आहेत. परवानगी मिळाली असती तर दिवसा वाटाड्याबरोबर हिंडून त्याने नेहमीप्रमाणे वाटाड्याचीच टर उडवली असती, असे मला राहून राहून वाटते.

अठ्ठावीस वर्षांनंतरचा ट्वेन वेगळा होता. १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्था बुडाली, टंक जुळवणाऱ्या यंत्रात गुंतवलेला पैसाही गेला. कर्ज फेडण्यासाठी व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणा करायची त्याने ठरवली. १८९५ च्या उन्हाळ्यात अमेरिका ओलांडून तो पत्नी आणि मुलगी क्लारा यांच्यासह पॅसिफिकच्या काठी आला. पाहतो तो काय, जंगलांना लागलेल्या आगींच्या धुराने सगळा किनारा झाकलेला, आणि ज्या 'वॉरिमू' बोटीने जायचे तीच त्या धुरात वाट चुकून खडकांत अडकलेली. तिला गोदीत घालून दुरुस्त करावे लागले. आठवडाभर धूर खात थांबल्यावर ऑगस्टअखेर बोट निघाली.

'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) या ग्रंथाच्या आरंभी या अपघाताबद्दल जे आहे ते वाचण्यासारखे आहे. स्वतःच्या गैरसोयीबद्दल ट्वेन दोन-तीन वाक्यांत मोकळा होतो. त्याचे लक्ष आहे ते तरुण कप्तानाकडे. व्हँकुव्हरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले होते. पण सिडनीला कंपनीचे संचालक चौकशी करणार होते आणि तिथे नोकरीचाच प्रश्न होता. इतरांच्या लेखी जी नुसती चूक ठरली असती ती कंपनीच्या लेखी गुन्हा होती. हसतमुखाने उताऱ्यांची करमणूक करणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे ट्वेनला दिसले, कारण कर्जदार म्हणून तोही तशाच एका चौकशीला तोंड देत होता. प्रवास लांबला की उताऱ्याचे दिवस जातात, बोटीवर राबणाऱ्याची भाकरी जाते, हा फरक त्याने इथे ओळखला आहे.

होनोलुलूला पुन्हा कॉलरा. १८६६ साली पाहिलेली ती बेटे पुन्हा पाहण्याची आस त्याने एकोणतीस वर्षे जपली होती. व्याख्यानाची तिकिटे विकली गेली होती, ते पैसे परत करावे लागले. बोटीवरून उतरून परत येण्याची कोणालाच मुभा नव्हती. किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाची तिकिटे काढून बसलेल्यांनाही बोटीवर घेता आले नाही, कारण मग सिडनीला सगळ्यांनाच क्वारंटाइनमध्ये बसावे लागले असते. बोट त्यांना तिथेच सोडून निघाली. पुढे डेकवर लाकडी तबकड्या सरकवण्याच्या खेळाचे सामने झाले आणि ट्वेनने एक घड्याळ जिंकले. कंटाळ्यावरचे उपाय अठ्ठावीस वर्षांत फारसे बदलले नव्हते.

आता आपल्याशी थेट संबंध असलेल्या एका टिपणाकडे येऊ. डिसेंबर १८९५ मध्ये सिडनीहून सिलोनकडे जाताना ट्वेन पी. अँड ओ. कंपनीच्या 'ओशियाना' बोटीवर चढला. इथे त्याला प्रथमच हिंदी खलाशी दिसले. त्यांचे पांढरे सुती कपडे, अनवाणी पाय, कमरेची तांबडी शाल, डोक्यावरच्या टोपीभोवती गुंडाळलेले लाल फडके यांचे तो रंगून वर्णन करतो. चेहरे सौम्य आहेत, माणसे आज्ञाधारक आणि कामसू आहेत, असेही म्हणतो. मग ऐकीव माहितीच्या आधारे जोडतो की संकट आले म्हणजे हे लोक पार घाबरून जातात म्हणे. आणि शेवटी: ही मंडळी मुंबई आणि त्या बाजूच्या किनाऱ्यावरची.

त्या बाजूचा किनारा म्हणजे अर्थात कोकण आणि त्याच्या उत्तरेचा गुजरातचा किनारा. रत्नागिरीकडची अनेक गावे पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींना सारंग, टंडेल आणि खलाशी पुरवत आली. जेवणघरात आणि केबिनीत गोव्याची माणसे असत. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. हा शब्द आणि आपला 'लष्कर' एकाच फारसी मुळातले. पगार गोऱ्या खलाशाच्या एका अंशाइतका. झोपायच्या जागेबाबतचा हिशेब तर कायद्यातच लिहिलेला होता: ब्रिटिश कायद्याने खलाशाला बहात्तर घनफूट, हिंदी कायद्याने लास्करला छत्तीस. कप्तानाच्या मनाचा ठाव घेणारा ट्वेन या माणसांच्या बाबतीत मात्र कपड्यांच्या रंगापाशी थांबतो. हे त्याला दिसणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. जानेवारी १८९६ मध्ये 'रोझेटा' या जुनाट बोटीने तो मुंबईला आला, तेव्हा हॉटेलात एका जर्मन माणसाने हिंदी नोकराच्या थोबाडीत मारलेली पाहून त्याला मिसुरीतले आपले बालपण आणि तिथले गुलाम आठवले. ती पाने ग्रंथातल्या श्रेष्ठ पानांपैकी आहेत. बोटीवर मात्र असे काही घडले नाही. डायनिंग सलूनमध्ये बसलेल्या उताऱ्याला खालच्या डेकवरचे काही ऐकू येत नाही, एवढेच कारण कदाचित पुरेसे असेल.

'संकटात घाबरतात' या शेऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही, कारण संकटात कोण घाबरले याचा एक गाजलेला पुरावा तोपर्यंत उपलब्ध होता. जुलै १८८० मध्ये 'जेद्दा' नावाची बोट सिंगापूरहून साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू घेऊन हजसाठी निघाली. एडनच्या समुद्रापूर्वी तिच्यात पाणी शिरू लागले. ८ ऑगस्टला कप्तान, त्याची पत्नी आणि प्रमुख गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. दुसऱ्या बोटीने त्यांना उचलून एडनला आणले, तिथे त्यांनी 'जेद्दा' बुडाल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी 'अँटेनॉर' ही बोट बुडालेल्या 'जेद्दा'ला ओढत एडनला घेऊन आली. टाकून दिलेले यात्रेकरू पाणी उपसत राहिले होते. कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेण्यात आला. ही शिक्षा तेव्हाच्या अनेकांनाही सौम्य वाटली.

इंग्रजीचे विद्यार्थी ही हकिगत लगेच ओळखतील. जोसेफ कॉनराडची 'लॉर्ड जिम' (१९००) याच घटनेवर उभी आहे. तिच्यात बोटीचे नाव 'पाटणा' आहे, आणि चौकशीचे निनावी बंदर मुंबई असावे असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. कादंबरी उडी मारणाऱ्या अधिकाऱ्याच्या अपराधी मनाची आहे, आणि त्या बाबतीत ती असामान्य आहेच. पण खालच्या डेकवरचे आठशे यात्रेकरू तिच्यात जवळजवळ झोपलेलेच आहेत. सुकाणू न सोडणारे दोन मलाय सुकाणूधारी तेवढे साक्षीला उभे राहतात, आणि त्यांचे बोलणे दुभाष्यामार्फत येते. प्रत्यक्ष 'जेद्दा'वर ज्यांनी पंप चालवले, त्यांना कॉनराडच्या रचनेत जागा नव्हती. या त्रुटीमुळे कादंबरी लहान ठरते असे मी म्हणणार नाही. मात्र वर्गात ती शिकवताना पंप कोण मारत होते हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हज यात्रेकरूंचा खोळंबा आणि ट्वेनचा खोळंबा एकाच साथीच्या भीतीतून जन्मले होते. पायरियसला पहारेकऱ्याच्या हातावर पैसे ठेवून निसटता आले. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर १८८२ पासून जे क्वारंटाइन ठाणे चालले, तिथून मुंबईच्या डेक-उतारूला निसटता येत नसे. ट्वेन गेल्यावर काही महिन्यांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईहून हजला जाणेच बंद करण्यात आले.

खलाशांची भाषा मात्र एका विचित्र रूपात ग्रंथबद्ध झाली. टॉमस रोबक याने १८११ साली इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला. १८८२ साली जॉर्ज स्मॉलने तो सुधारून 'लास्करी डिक्शनरी' म्हणून काढला. पोर्तुगीज, अरबी, फारसी, हिंदुस्थानी अशा सगळ्यांची सरमिसळ असलेली ती बोली भाषाभ्यासकाला खजिन्यासारखी वाटते. पण कोशाची दिशा एकच आहे. अधिकाऱ्याने खलाशाला हुकूम कसा द्यावा, हे त्यात शिकवले आहे. खलाशाने काय म्हटले, हे शोधायला त्याचा उपयोग नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही क्रूझ बोट ३,७११ माणसांसह क्वारंटाइनमध्ये अडकली, तेव्हा हे सगळे पुन्हा दिसले. उताऱ्यांना केबिनीत राहण्यास सांगण्यात आले. त्यांच्या दाराशी जेवणाची ताटे पोचवणारे कर्मचारी एकेका खोलीत दाटीने राहत आणि काम करत होते. ७१२ जणांना लागण झाली. बोटीवरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. या वेळी मात्र त्यांच्या हातात मोबाइल होता. त्यांच्यातल्या काहींनी मास्क लावून, हिंदीतून, आम्हाला इथून सोडवा अशी पंतप्रधानांना विनंती करणाऱ्या चित्रफिती काढल्या आणि त्या देशभर पाहिल्या गेल्या. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय दिल्लीला पोचले. जे संसर्गामुळे जपानच्या रुग्णालयांत होते, ते मागे राहिले. दिल्लीला उतरलेल्यांना आणखी चौदा दिवस क्वारंटाइनमध्ये काढायचे होते.