मित्राच्या हेतूचा निवाडा

इ.स. १८५६ च्या जुलै महिन्यांत नऊ दिवसांच्या अंतरानें महाराष्ट्रांत दोन मुलगे जन्मास आले. पहिला १४ तारखेस कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यांत, दुसरा २३ तारखेस रत्नागिरीस. पहिले गोपाळ गणेश आगरकर, दुसरे बाळ गंगाधर टिळक. या दोघांची थोरवी सांगण्याकरितां मी आज आपल्यापुढें बोलत नाहीं. ती सर्वांस ठाऊक आहे. मला बोलावयाचें आहे तें त्यांच्या मैत्रीविषयीं. ती कशी जुळली, कशी तुटली, आणि त्या तुटण्यापासून आपल्यासारख्या सामान्य माणसांनीं नित्याच्या व्यवहारांत काय शिकावें, एवढाच आजचा विषय आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. शालान्त परीक्षा व त्यानंतर अध्यापनाची पदविका, एवढ्या शिदोरीवर मीं चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं. दरवर्षीं १ ऑगस्टला, म्हणजे टिळकांच्या पुण्यतिथीस, मुलें शेंगांच्या टरफलांची गोष्ट घोकून येत आणि टाळ्या घेऊन जात. आगरकरांची पुण्यतिथि १७ जूनला. त्या सुमारास शाळा नुकतीच उघडलेली असते, पाठ्यपुस्तकांचें वाटप चाललेलें असतें, आणि तो दिवस कोणाच्या ध्यानांतहि न येतां निघून जातो. मला मात्र या दोघांपैकीं एकाची गोष्ट दुसऱ्यावांचून पुरी होते, असें कधीं वाटलें नाहीं.

दोघांची गांठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पडली. आगरकर एम्.ए. चा अभ्यास करीत होते, टिळक कायद्याचा. आगरकरांची गरिबी अशी कीं, अंगांत घालावयास एकच सदरा. तो रात्रीं धुवून वाळत घालावा आणि सकाळीं पुन्हां तोच चढवावा, अशी आठवण सांगतात. टिळकांच्या घरीं श्रीमंती नव्हती, पण अशी ओढहि नव्हती. मिळविलेली विद्या सरकारी नोकरीच्या बाजारांत विकावयाची नाहीं, लोकांना शहाणें करण्याच्या कामीं लावावयाची, असा दोघांचा निश्चय झाला. त्याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून पुण्यास आले होते. १ जानेवारी १८८० रोजीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, आणि एम्.ए. होतांच आगरकरहि येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारींत ‘मराठा’ व ‘केसरी’ हीं पत्रें सुरू झालीं. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर, ‘मराठ्या’चें काम टिळकांकडे.

या मैत्रीची पहिली कसोटी लागली ती एका तिसऱ्याच माणसाच्या निवाड्यावरून. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे आणि त्यांत तेथील दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा बोभाटा त्या वेळीं झाला होता. कांहीं पत्रें या मंडळींच्या हातीं आलीं. त्यांवर विश्वास ठेवून दोन्ही वर्तमानपत्रांनीं दिवाणांवर कडक लेख लिहिले. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि तीं पत्रें बनावट असल्याचें उघडकीस आलें. टिळक-आगरकरांनीं माफी मागितली. पण फिर्याद मागें घेतली गेली नाहीं. जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं ते सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें. आगरकरांनीं पुढें त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहिली.

आपण शाळेंत हा प्रसंग देशभक्तीचा म्हणून शिकवितों, आणि तो तसा आहेहि. पण त्यांत आणखी एक धडा आहे, तो आपण वगळतों. हेतु शुद्ध, बुद्धि तीक्ष्ण, धैर्य अपार, आणि तरीहि निवाडा चुकला. कारण ज्या पुराव्यावर तो उभारला होता तोच खोटा निघाला. महाराजांच्या कळवळ्यानें लेख लिहिले, पण कळवळा म्हणजे पुरावा नव्हे. एवढ्या थोर पुरुषांचें जर असें झालें, तर पारावर बसून किंवा शिक्षकांच्या खोलींत चहा घेतां घेतां आपण जे निवाडे देतों, त्यांची काय कथा?

आतां मैत्री कशी तुटली तें पाहूं. सामान्यतः असें सांगतात कीं, आगरकरांना आधीं समाजसुधारणा हवी होती आणि टिळकांना आधीं राजकीय सुधारणा हवी होती, म्हणून दोघे वेगळे झाले. हें खरें आहे, पण पुरतें खरें नाहीं. मतांचा वाद त्यांच्यांत नवा नव्हता. कॉलेजांत असल्यापासून ते एकमेकांशीं वाद घालीत आले होते. डोंगरीच्या कोठडींतहि चर्चा थांबली नव्हती. शिवाय मतांमधलें अंतर लोकांना वाटतें तितकें रुंदहि नव्हतें. संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनीं विरोध केला हें खरें. पण १८९० मध्यें त्याच टिळकांनीं अशी सूचना पुढें मांडली होती कीं, सुधारणा हवी असेल त्यांनीं आपल्या मुलींचीं लग्नें १६ वर्षांपूर्वीं व मुलांचीं २० वर्षांपूर्वीं करूं नयेत. कायद्याची सक्ति असावी कीं नसावी, हा मुख्य वाद होता. असा वाद मैत्रीला पेलतो. किंबहुना चांगल्या मैत्रीचें तें नित्याचें खाद्यच असतें.

मैत्रीला जें पेललें नाहीं तें निराळें. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज निघालें. संस्था वाढली तसे तिच्या आजीव सभासदांत व्यवहाराचे प्रश्न उभे राहिले. पगार वाढवावा कीं वाढवूं नये? सभासदांनीं संस्थेबाहेर पैसे मिळवावे कीं मिळवूं नयेत? संस्थेला वाहिलेला वेळ दुसऱ्या सार्वजनिक कामांत घालवावा कीं घालवूं नये? टिळकांचें म्हणणें असें कीं, त्यागाचें व्रत घेतलें तें पुरतें पाळलें पाहिजे. इतरांचें म्हणणें असें कीं, संसार सर्वांनाच आहे, आणि माणसाला पोटापुरतें मिळालें म्हणजे व्रत मोडलें असें होत नाहीं. दोन्ही बाजू विचार करण्याजोग्या होत्या. पण वाद जसा वाढला, तसा ‘हा काय म्हणतो’ हा प्रश्न मागें पडून ‘हा असें कां म्हणतो’ हा प्रश्न पुढें आला. मित्राच्या मनांत डोकावून त्याच्या हेतूची पारख करण्याचें काम दोन्हीकडे सुरू झालें. त्याग ढळला, असें एका पक्षानें म्हणावें. लोकप्रियतेच्या मागें लागून आपल्या खऱ्या मतांना मुरड घातली, असें दुसऱ्यानें म्हणावें. १८८७ च्या ऑक्टोबरांत आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला व पुढच्या वर्षीं ‘सुधारक’ काढला. टिळकांनीं १८९० च्या अखेरीस विस्तृत राजीनामा लिहून संस्थेचा संबंध तोडला. त्यानंतर दोन पत्रांतून जी भाषा वापरली गेली, ती ज्यांनीं एकाच कोठडींत दिवस काढले त्यांची आहे, हें जुने अंक वाचणाऱ्यास खरें वाटत नाहीं.

श्रोतेहो, मनुष्याच्या हेतूचा निवाडा काळ करतो, आणि या दोघांच्या बाबतींत तो काळानें फार स्पष्ट केला. आगरकर १७ जून १८९५ रोजीं दम्याच्या विकारानें वारले. वयाचीं ३९ वर्षें पुरीं होण्यास महिनाहि उरला नव्हता. त्या वेळीं ते फर्ग्युसन कॉलेजचे मुख्याध्यापक होते. तरी त्यांच्या उशाशीं, आपल्या प्रेतसंस्कारापुरते पैसे बांधून ठेवलेली एक पुरचुंडी सांपडली, असें सांगतात. ज्या पक्षावर त्याग ढळल्याचा ठपका, त्या पक्षाच्या पुढाऱ्याची ही मिळकत! आणि त्याच्या उलट टिळक पाहा. लोकांना आवडेल तेंच लिहितात, असें ज्यांच्याविषयीं म्हटलें गेलें, त्यांनीं त्याच लेखणीपायीं १८९७ मध्यें दीड वर्षाची आणि १९०८ मध्यें सहा वर्षांची शिक्षा सोसली. दोघांच्याहि हेतूंविषयींच्या शंका खोट्या ठरल्या. पण तें ठरेपर्यंत एक मित्र जिवंत नव्हता.

आगरकर गेले तेव्हां ‘केसरी’ंत टिळकांनींच मृत्युलेख लिहिला. त्या लेखांत मतभेद लपविलेला नाहीं, आणि आगरकरांच्या बुद्धीचा व निःस्पृहतेचा गौरवहि हातचा राखून केलेला नाहीं. तो मजकूर सांगतांना त्यांचे डोळे वारंवार भरून येत, अशी आठवण आहे. माझ्या मनांत नेहमीं एक विचार येतो. त्या लेखांतला गौरव आगरकरांच्या हयातींत, ज्या दिवशीं पुण्यांत विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली त्या दिवशीं, त्यांच्या कानीं पडता तर? मृत्युलेख ज्याच्याविषयीं असतो त्याला तो वाचतां येत नाहीं.

ही गोष्ट मी इतक्या आस्थेनें कां सांगतों, तें आतां सांगितलें पाहिजे. नाहींतर थोरांच्या चुका मोजून मी स्वतः नामानिराळा राहिलों, असें होईल.

इ.स. २००० च्या जूनपासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. माझे एक सहकारी होते. एकाच वर्षीं आम्ही नोकरीस लागलों. एका खोलींत भाड्यानें राहिलों. एका पातेल्यांत भात शिजवून खाल्ला. त्यांना हा निर्णय पटला होता, मला पटला नव्हता. आमचे वाद रोज होत आणि रोज चहाबरोबर संपत. पण एकदां केंद्रसंमेलनांत, पंचवीस-तीस शिक्षकांसमक्ष, त्यांनीं माझा मुद्दा सहज खोडून काढला. मला उत्तर सुचेना. तेव्हां मी उठून म्हणालों कीं, यांना इंग्रजी हवें तें मुलांसाठीं नव्हे, उद्यां शिकवण्या चालाव्यात म्हणून हवें. सभा हंसली. ते कांहीं बोलले नाहींत, खालीं बसले. पुढील वर्षीं त्यांची बदली झाली. निवृत्त होईपर्यंत त्यांनीं एकहि शिकवणी घेतली नाहीं. हें मला ठाऊक होतें, आणि ठाऊक असूनहि मी वीस वर्षें त्यांच्या घरीं गेलों नाहीं. आपण खोटें बोललों याची लाज कमी होती असें नव्हे. ती कबूल करण्याची लाज अधिक होती.

यावरून मला जें कळलें तें थोडक्यांत सांगतों. माणसाच्या कृत्याचा निवाडा करावा. तो करावाच लागतो. कोणी सार्वजनिक पैसा खाल्ला, कोणी दुबळ्याला नाडलें, तर मैत्रीखातर डोळे झांकणें हें मैत्रीलाहि शोभत नाहीं. मात्र त्यासाठीं पुरावा पाहावा, आणि तो खरा आहे ना हेंहि पाहावें. माणसाच्या मताशीं वाद घालावा. खुशाल कडाडून घालावा. पण हेतु ही वस्तु निराळी आहे. ती डोळ्यांना दिसत नाहीं, कागदावर सांपडत नाहीं. आपल्याजवळ मुद्दा उरला नाहीं म्हणजे आपण समोरच्याच्या हेतूकडे बोट दाखवितों. तेव्हां तें बोट वर उठतांच मनाला विचारावें, माझा मुद्दा संपला आहे काय? आणि शंका खरोखरच असेल, तर ती चारचौघांत बोलण्यापूर्वीं मित्राला एकट्यानें भेटून विचारावी. टिळक-आगरकरांचीं घरें एकाच पुण्यांत होतीं. माझ्या मित्राची खुर्ची तर माझ्या खुर्चीला लागून होती.

गेल्या दिवाळींत मी शेवटीं त्यांच्या गांवीं गेलों. त्यांनीं ओळखलें, या म्हणाले, चहा ठेवावयास सांगितलें. मीं तो जुना प्रसंग काढला आणि क्षमा मागितली. ते कांहीं वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, इंग्रजीचें बरें झालें कीं वाईट, तें त्या मुलांना विचारा. पण माझें काय तें तुम्हीं तेव्हां मलाच विचारलें असतेंत, तर बरें झालें असतें.”

एवढें बोलून त्यांनीं चहाचा कप माझ्यापुढें सरकविला. आमचें बोलणें पुन्हां सुरू झालें आहे. पूर्वीसारखें नाहीं, पण सुरू झालें आहे. आपल्यापैकीं ज्यांच्या मनांत असा एखादा जुना निवाडा पडून असेल, त्यांनीं दिवाळीचीहि वाट पाहूं नये, अशी माझी विनंती आहे.