फर्मवेअरचं म्हणणं आणि लिनक्सची बॅटरी

करडीला (जि. भंडारा) घरी गेलो की लाईन जाणार हे गृहीत धरावं लागतं. मागच्या दिवाळीत ८० टक्के बॅटरी असताना लॅपटॉपचं झाकण लावलं आणि झोपलो. सकाळी उघडला तर ठप्प! विंडोज होतं तेव्हा याच लॅपटॉपवर असं कधी झालं नव्हतं. 'लिनक्सच वाईट' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण या तक्रारीचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा एक प्रश्न समोर आला जो आपण संशोधनात प्रत्येक कागदाला विचारायला हवा: हा कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर वाचक कोण होता?

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम आणलं. त्यात वीज वाचवण्याचा कारभार मुख्यतः बायोसच्या हातात होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय जाहीर केलं आणि हा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. आता मशीन बनवणारी कंपनी फर्मवेअरमध्ये काही तक्ते आणि छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवते आणि कर्नल ते वाचून चालवतो. कल्पना उत्तम. पण कंपन्या आपलं फर्मवेअर तपासायच्या विंडोजवर. तिथे चाललं की माल बाजारात.

२४ जानेवारी १९९९ चा बिल गेट्स यांचा एक ईमेल पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून आला. एसीपीआयसाठी मेहनत आपण करायची आणि लिनक्सला ते आयतं मिळायचं, हे त्यांना खटकत होतं. हे फक्त विंडोजवरच नीट चालेल असं करता येईल का, असं ते विचारत होते. इंटरनेटवर हा मेल 'कटाचा पुरावा' म्हणून फिरतो. जरा थांबा. मेलमधून मनातला विचार दिसतो, त्यावर अंमल झाला हे दिसत नाही. शिवाय लिनक्सच्या बऱ्याच अडचणी समजायला कट लागतच नाही, कंपन्यांचा आळस पुरतो.

गंमत पुढे आहे. फर्मवेअर कर्नलला विचारू शकतं, 'तू अमुक विंडोज आहेस का?' लिनक्स सरळ 'हो' म्हणतो! आणि 'तू लिनक्स आहेस का?' याला २००७ च्या सुमारासपासून त्याचं नेहमीचं उत्तर 'नाही' असं आहे. कारण व्यवहारी आहे. लिनक्स इतक्या वेगाने बदलतो की नुसत्या नावावरून त्याला काय जमतं हे कळत नाही. आणि फर्मवेअरचा तपासलेला रस्ता विंडोजचाच असतो.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण २०११ चं. मार्चमध्ये कर्नल २.६.३८ आला आणि बऱ्याच लॅपटॉपवर विजेचा खप वाढला. फोरॉनिक्सचे मायकेल लाराबेल यांनी वीज मोजायचं मीटर लावून जूनमध्ये नेमका बदल शोधला. पद्धत बायसेक्टची: चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या मधोमध जायचं, मोजायचं, अर्धा भाग सोडून द्यायचा. दहा हजार बदल असले तरी साधारण चौदा मोजण्यांत काम होतं.

दोषी निघाला एएसपीएमशी संबंधित बदल. पीसीआय एक्सप्रेसच्या जोडण्या रिकाम्या असताना त्यांची वीज कमी करायची, हे एएसपीएमचं काम. काही मशीनच्या तक्त्यात लिहिलेलं असायचं, 'इथे एएसपीएम चालत नाही'. लिनक्सने ते शब्दशः घेतलं आणि बायोसने आधीच चालू करून ठेवलेलं एएसपीएमसुद्धा बंद करून टाकलं.

मॅथ्यू गॅरेट यांनी (पीएचडी जनुकशास्त्रात, हे आपल्यासाठी!) मायक्रोसॉफ्टचंच एक जुनं सादरीकरण वाचलं. फर्मवेअरने पूर्ण ताबा दिला नसेल तर विंडोज या सोयींना हातच लावत नाही, असं त्यावरून दिसत होतं. म्हणजे त्या ओळीचा व्यवहारातला अर्थ 'बंद कर' असा नव्हता, 'आहे तसं राहू दे' असा होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पॅच पाठवला आणि २०१२ च्या कर्नल ३.३ मध्ये तो होता. ओळ तीच होती, तिचं वाचन बदललं.

आता माझा लॅपटॉप. जुनी एस३ झोप म्हणजे जवळपास फक्त मेमरीला वीज चालू. विंडोज ८ पासून फोनसारखी हलकी झोप आली आणि कंपन्या एस३ काढून टाकू लागल्या. हलक्या झोपेत एखादं उपकरण जागं राहिलं तरी बॅटरी उतरते. लिनक्समध्ये मेम_स्लीप नावाच्या फाईलमध्ये उपलब्ध झोपा दिसतात. माझ्याकडे 'डीप', म्हणजे एस३, नव्हतंच. मग रोज एक उपकरण बंद करायचं, झाकण लावायचं आणि सकाळी टक्के वहीत लिहायचे. पाचव्या रात्री कार्ड रीडर सापडला. तो बंद ठेवल्यावर रात्रभरात सहा टक्केच उतरले. खात्रीसाठी सहाव्या रात्री तो पुन्हा चालू केला. सकाळी लॅपटॉप ठप्प.