घग्गर: एका पावसाळी नदीची नावे

बारमाही नदीला बहुधा एक नाव पुरते. पावसाळी नदीचे तसे नसते. जिथे पाणी तुटते तिथे नावही तुटते. घग्गर हे याचे ठळक उदाहरण होय.

हिमाचल प्रदेशातील शिवालिकच्या टेकड्यांत ती उगम पावते, पंचकुलाजवळ सपाटीवर उतरते आणि पंजाब-हरियाणातून सिरसा जिल्ह्यातील ओटूच्या बंधाऱ्यापर्यंत येते. पुढे राजस्थानात हनुमानगढ, सुरतगढ, अनूपगढ असा तिचा मार्ग आहे. येथे तिच्या पात्राला लोक ‘नाली’ म्हणतात. सीमेपलीकडे, चोलिस्तानच्या वाळवंटात, त्याच कोरड्या पात्राचे नाव ‘हाक्रा’ होते. तिला हिमनद्यांचा आधार नाही. जे काही आहे ते पावसाचे. जुलै २०२३ मध्ये मात्र याच नदीच्या पुराने पंजाब-हरियाणातील अनेक गावे वेढली होती.

पाणी एवढे थोडे आणि पात्र काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद! या विसंगतीतूनच सरस्वतीचा प्रश्न उभा राहिला. १८७४ मध्ये सी. एफ. ओल्डहॅम यांनी या पात्राचा संबंध वैदिक सरस्वतीशी जोडला. घग्गरला मिळणाऱ्या एका लहानशा नदीचे ‘सरसुती’ हे नाव त्याला पूरक होते. पुढे १९६० च्या दशकात याच काठावरील कालीबंगा येथे हडप्पाकालीन नगराचे उत्खनन झाले. पण पात्राच्या गाळाचा २०१७ मधील अभ्यास सांगतो की, सतलजने हा मार्ग किमान ८००० वर्षांपूर्वीच सोडला होता. म्हणजे ती नगरे वसली तेव्हा येथे हिमालयातील महानदी नव्हती. २०१९ मधील दुसरा अभ्यास मात्र सुमारे ४५०० वर्षांपूर्वीपर्यंत येथे बारमाही प्रवाह होता असे मानतो.

हा वाद भूशास्त्राचा आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न वेगळा आहे: नावाला पुरावा मानावे काय? ‘सरस्’ म्हणजे तळे. त्या अर्थाने सरस्वती म्हणजे तळ्यांची नदी. अवेस्तातील ‘हरख्वैती’ हे याच शब्दाचे इराणी रूप, आणि ते अफगाणिस्तानातील प्रदेशाचे नाव आहे. नावे माणसांबरोबर प्रवास करतात, हे यावरून दिसते. ऋग्वेदात सरस्वती पर्वतापासून समुद्रापर्यंत जाते, तर नंतरच्या ब्राह्मणग्रंथांत ती ‘विनशन’ येथे लुप्त होते. एकाच नावाखाली येथे दोन भूगोल आहेत. ते एकाच नकाशावर बसवण्याची घाई केली, तर ग्रंथाचेही नुकसान होते आणि नदीचेही.

या घाईत आणखी एक गोष्ट हरवते. महान नावाच्या शोधात ‘नाली’ आणि ‘हाक्रा’ ही नावे केवळ अवशेष ठरतात. वस्तुतः हनुमानगढ परिसरात घग्गरच्या पुराच्या पाण्यावर नालीच्या पात्रात भात पिकतो. तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने ती लुप्त नदी नाही; काही महिन्यांनी परतणारी नदी आहे. तिच्या इतिहासात त्याच्या तोंडचे नावही सरस्वतीच्या बरोबरीने वाचले गेले पाहिजे.