कोळशाचा जागतिक व्यापार व औष्णिक वीज

वीज आणि पोलाद यांच्या निर्मितीसाठी देशादेशांत होणारी दगडी कोळशाची आयात-निर्यात. जगात २०२४ मध्ये सुमारे ८८० कोटी टन कोळसा वापरला गेला. त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या चीनने. बहुतेक कोळसा निघतो त्याच देशात जळतो. सीमेपलीकडे जातो तो सुमारे १५० कोटी टन, म्हणजे एकूण खपाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून चीन किंवा भारताने देशातले उत्पादन थोडे वाढवले, तरी त्याचा मोठा फटका निर्यातदारांना बसतो.

प्रकार व निर्यातदार : बाष्पकांसाठीच्या औष्णिक कोळशाचा सर्वांत मोठा निर्यातदार इंडोनेशिया आहे. कालिमंतानच्या खाणींतला कोळसा बार्जमधून नदीमार्गे खाली येतो आणि समुद्रात नांगरलेल्या जहाजांवर चढतो. त्यात राख कमी, पण ओलावा जास्त आणि उष्मांक कमी असतो. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरातून जाणारा कोळसा जास्त उष्मांकाचा असून तेथील दर आशियाई बाजारात प्रमाण मानला जातो. रशिया, दक्षिण आफ्रिका आणि कोलंबिया हे अन्य प्रमुख निर्यातदार. झोतभट्टीसाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशात ऑस्ट्रेलिया आघाडीवर आहे.

भाव व राजकारण : चीनने २०२० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या कोळशाची खरेदी अघोषितपणे थांबवली, ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. देशातल्या वीजकेंद्रांकडे साठा उरेना म्हणून इंडोनेशियाने जानेवारी २०२२ मध्ये निर्यातच रोखली. युक्रेन युद्धानंतर त्याच वर्षी युरोपीय संघाने रशियन कोळशावर बंदी घातली. न्यूकॅसलचा दर टनाला ४०० डॉलरच्या वर गेला आणि रशियाचा कोळसा स्वस्तात चीन-भारताकडे वळला.

आयातीवर विसंबण्याचा धोका गुजरातमधील मुंद्रा येथील टाटांच्या ४,००० मेगावॉट प्रकल्पाने दाखवून दिला. इंडोनेशियाचा स्वस्त कोळसा गृहीत धरून कंपनीने युनिटला सुमारे २ रुपये २६ पैसे सरासरी दराची बोली लावली होती. महाराष्ट्रासह पाच राज्ये त्याची ग्राहक. इंडोनेशियाने २०११ पासून निर्यातीला किमान दराची अट लावताच हिशेब कोलमडला. परदेशी कायदा बदलला म्हणून दरवाढ मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला.

औष्णिक वीज : जगातील सुमारे एक तृतीयांश वीज अजूनही कोळशावर होते, भारतात हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या जवळ आहे. लंडनमध्ये १८८२ साली सार्वजनिक वापरासाठी कोळशावरची वीज सुरू करणाऱ्या ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ हे आपले अखेरचे कोळसाकेंद्र बंद केले. जर्मनीच्या कायद्यात त्यासाठी २०३८ ची मुदत आहे. चीन सौर व पवन ऊर्जेबरोबर नवी कोळसाकेंद्रेही उभारत आहे. मात्र परदेशात अशी केंद्रे बांधणार नाही, असे त्याने २०२१ मध्ये जाहीर केले.

महाराष्ट्र व गोवा : चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र विदर्भातल्या खाणींच्या कुशीत आहे, किनाऱ्यावरची ट्रॉम्बे आणि जयगड ही केंद्रे आयात कोळशावर चालतात. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्याची धूळ आणि त्यासाठी होणारे रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण यांना गोव्यात दीर्घकाळ विरोध होत आला आहे.

भवितव्य : आशियातील बरीच कोळसाकेंद्रे अजून तरुण आहेत; ती लवकर मोडीत निघणार नाहीत. पण दुपारी सौर वीज मुबलक असते आणि मागणी सूर्यास्तानंतर चढते. त्यामुळे ही केंद्रे अखंड चालण्याऐवजी दिवसा मंद आणि संध्याकाळी पूर्ण भाराने चालवावी लागतील. संचांचा भार ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आला पाहिजे, असा नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केला. अशा चालनात संच वारंवार तापतो व निवतो, त्याची झीज वाढते आणि प्रत्येक युनिटमागे कोळसाही जास्त लागतो.

औष्णिक कोळशाच्या व्यापाराची घट खपाच्या घटीआधी दिसण्याची शक्यता अधिक आहे. भारताचे उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांपुढे गेले आणि आयात आदल्या वर्षापेक्षा कमी झाली. कोकिंग कोळशाचे तसे नाही. भारतात चांगल्या प्रतीचा कोकिंग कोळसा थोडा आहे आणि पोलादाची क्षमता वाढते आहे. त्यामुळे त्याची आयात पुढेही चालू राहील.