व्हिक्टोरिया सरोवरातील दीपव्यवस्था

टांझानिया, युगांडा व केनिया यांत विभागलेल्या, सुमारे ६८,८०० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या सरोवरातील नौकानयनास साहाय्य करणारे दिवे. युगांडा रेल्वे १९०१ मध्ये किसुमूस पोहोचल्यावर येथील आगबोटींची वाहतूक वाढली. किसुमू, पोर्ट बेल, म्वांझा, बुकोबा ही प्रमुख बंदरे. किनारा दंतुर, बेटे असंख्य आणि खोली बेताची (कमाल सुमारे ८० मी.) असल्याने रात्री खडक व उथळ जागा दाखवणाऱ्या दिव्यांना फार महत्त्व आहे. केनियातील विनाम आखातात शिरताना रुसिंगा बेटाजवळच्या अरुंद जलमार्गातून जावे लागते. तेथे खुणेचा दिवा बंद असणे धोक्याचे. पाण्याची पातळीही स्थिर नसते. १९६१–६४ या काळात ती दोन मीटरांहून अधिक चढली. अशा वेळी ओळखीचे खडकही पाण्याखाली जातात.

अंधाऱ्या रात्री सरोवरावर सर्वाधिक दिसतात ते मात्र मच्छीमारांचे दिवे. ‘दगा’ (केनियात ‘ओमेना’) ही छोटी मासळी उजेडाकडे ओढली जाते. तिच्यासाठी पूर्वी रॉकेलच्या बत्त्या पेटवत. आता सौरऊर्जेवरील एलईडी दिवेही वापरतात. तरंगत सरकणारे हे दिवे दिशा दाखवत नाहीत, उलट स्थिर खुणा ओळखणे अवघड करतात.

केवळ दिव्यांनी प्रवास सुरक्षित होत नाही. २१ मे १९९६ रोजी म्वांझाजवळ क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी घेतलेली ‘बुकोबा’ फेरीबोट बुडून शेकडो माणसे दगावली.